दगडफूल ओळखायला शिका: मसाल्याच्या पुडीपासून आमराईतल्या खोडापर्यंत

चैत्र-वैशाखात अंगणात मिरच्या वाळत पडल्या की मराठवाड्यातल्या घरोघरी मोंढ्यातून मसाल्याचं सामान येतं. धणे, खोबरं, शहाजिरं, नागकेशर, आणि त्यांच्यासोबत दगडफुलाची एक हलकी पुडी. ती तेलावर परतली जाते, डंकावर कुटली जाते आणि वर्षभर काळ्या मसाल्यातून, येसरातून पोटात जाते. पण हेच दगडफूल झाडावर दाखवा म्हटलं तर बहुतेकांना सांगता येत नाही. त्याची भावंडं मात्र आंब्याच्या खोडावर, कडुलिंबाच्या फांदीवर, माळावरच्या काळ्या दगडावर रोज समोर असतात. आपण त्यांना 'झाडाला लागलेली बुरशी' म्हणतो आणि पुढे जातो. कुणी कुणी तर खरवडून टाकतात. ते थांबावं असं मला फार मनापासून वाटतं, आणि ओळख झाली तरच ते थांबेल.

शिकायचा क्रम मी असा सांगेन: आधी स्वयंपाकघरातली पुडी, मग रान. पुडीतलं दगडफूल तोडता येतं, भिजवता येतं, त्यावर रसायनाचा थेंब टाकून बघता येतो. झाडावरचं जिवंत असतं. त्याला हात न लावता ओळखायचं असेल तर डोळा आधी घरी तयार व्हायला हवा.

आधी एवढं समजून घ्या

दगडफूल हे शैवाक आहे, म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांचं मिळून बनलेलं शरीर. बुरशी बाहेरचं अंग घडवते आणि ओल धरून ठेवते. आत राहणारं सूक्ष्म हिरवं शेवाळ उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातला वाटा बुरशीला देतं. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी १८६७ मध्ये ही गोष्ट मांडली तेव्हा त्या काळच्या नावाजलेल्या शैवाकतज्ज्ञांनी त्यांची टर उडवली होती. आज ती शाळेच्या पुस्तकात आहे. २०१६ मध्ये तर अनेक शैवाकांच्या सालीत यीस्टच्या रूपाने आणखी एक बुरशी राहते, असं संशोधन प्रसिद्ध झालं.

शैवाकांची ढोबळ रूपं तीन. खोडाला किंवा दगडाला रंगाच्या डागासारखं घट्ट चिकटलेलं ते कवची. पानासारखं पसरलेलं, ज्याची वरची आणि खालची बाजू वेगळी दिसते ते पर्णिल. आणि झुपक्यासारखं उभं राहणारं किंवा लोंबणारं ते क्षुपिल. मसाल्यातलं दगडफूल पर्णिल गटातलं. त्याचं शास्त्रीय कुळ पार्मेलिएसी, आणि त्यातली प्रमुख प्रजाती पार्मोट्रेमा.

शैवाकाला मुळं नसतात. पाणी आणि क्षार ते पावसातून, दवातून, धुळीतून साऱ्या अंगाने घेतं. या एका गोष्टीतून पुढचं बरंच काही उलगडतं. झाडाकडून ते अन्न घेत नाही, फक्त बसायला जागा घेतं. आणि हवेत जे काही असेल, चांगलं किंवा वाईट, ते त्याच्या अंगात उतरतं. १९८६ च्या चेर्नोबिल अपघातानंतर स्कँडिनेव्हियातल्या शैवाकांमध्ये किरणोत्सारी सीझियम साठलं, ते खाणाऱ्या रेनडिअरांच्या मांसात उतरलं, आणि त्यांच्यावर जगणाऱ्या सामी लोकांना त्याची झळ बसली. म्हणून रस्त्याकडेच्या झाडावरचं दगडफूल काढून मसाल्यात घालायचा विचारही करू नका.

दुसरी गोष्ट वाढीची. पर्णिल शैवाकाची कडा साधारणपणे वर्षाला काही मिलिमीटरच पुढे सरकते. दोन-अडीच मिलिमीटर धरले तरी दहा सेंटिमीटर रुंदीचं, तळहाताएवढं दगडफूल व्हायला वीस-पंचवीस वर्षं जातात. कोरडं पडलं की ते जगणं थांबवून बसतं आणि ओल मिळाली की काही मिनिटांत पुन्हा कामाला लागतं. आपल्याकडे वर्षातले किती दिवस ओल असते हे तुम्ही जाणताच.

पुडी कशी घ्यायची

पन्नास ग्रॅम पुरे. वजनाला इतकं हलकं असतं की तेवढ्यात मोठी पिशवी भरते. पाकीटबंद घेण्यापेक्षा मोंढ्यातल्या दुकानातून सुट्टं घ्या, म्हणजे हातात घेऊन बघता येतं. हिंदीत याला पत्थरफूल किंवा छडीला म्हणतात, तमिळ मसाल्यांत हेच कल्पासी. उत्तराखंडातले व्यापारी जो 'झूला' म्हणतात तोही अशाच शैवाकांचा माल. हिमालयाच्या उतारांवरून खाली येणारा.

अखंड, मोठी पानं असलेला माल निवडा. वरची बाजू राखाडी किंवा हिरवट राखाडी, खालची काळी, असा दोन बाजूंचा फरक स्पष्ट दिसायला हवा. दोन्हीकडून एकसारखं मळकट तपकिरी झालेलं असेल तर माल जुना किंवा भिजून सुकलेला समजा. मूठभर घेऊन नाकाशी न्या. कोरड्या लाकडाचा, मातीचा मंद वास यायला हवा. कुबट वास आला, किंवा पान दाबल्यावर मोडण्याऐवजी वाकून राहिलं, तर घेऊ नका. आत ओल आहे आणि बुरा यायला वेळ लागणार नाही. तळाशी चुरा जास्त असेल तर त्यात माती आणि सालीचा भुगाच अधिक असतो.

वर्तमानपत्रावर पसरून निवडणं

आता खरा अभ्यास. जुन्या वर्तमानपत्रावर पुडी पसरा, खिडकीजवळ बसा, आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग हाताशी ठेवा. घड्याळ दुरुस्त करणारे किंवा सोनार वापरतात तसलं भिंग शहरात सहज मिळतं. ते डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि वस्तू भिंगाकडे आणायची. हात लांब धरून भिंगातून बघाल तर काहीच नीट दिसणार नाही.

पुडीत एकच जात असते असं समजू नका. रुंद, गोलसर पानांचे तुकडे एका बाजूला काढा. हे बहुतेक पार्मोट्रेमा. अरुंद, दोन बोटांत मावणाऱ्या, फाटे फुटलेल्या पट्ट्या आणि कडेला काळे केस, असे तुकडे दुसऱ्या बाजूला. हे पूर्वी एव्हर्निअस्ट्रम म्हणत त्या गटातले. गोल, बारीक, फांद्या फुटलेले फिकट धागे दिसले तर ते अस्निया असायची शक्यता आहे. खात्री करायची तर धागा पाण्यात भिजवा आणि दोन्ही टोकं धरून हळू ताणा. बाहेरची साल तुटून सरकते आणि आत पांढरी लवचीक शीर अखंड राहते. ही शीर इतर कुणात दिसत नाही. हे करून बघाच. शैवाकाच्या अंगात किती नेमकी बांधणी असते ते इथे बोटांना कळतं.

राहिलेल्या ढिगात सालीचे तुकडे, चीडाच्या झाडाच्या सुया, मॉस या बारीक वनस्पतीचे हिरवट-पिवळे झुपके आणि माती निघेल. हा भाग मसाल्यासाठी टाकून द्यायचा, पण सालीचा एखादा तुकडा ठेवा ज्यावर दगडफूल अजून चिकटलेलं आहे. ते झाडाला कसं धरून बसतं, हे त्यावर दिसतं.

भिजवून, फाडून, उलटून

एक मोठं पान निवडा आणि त्याच्या अर्ध्या भागावर बोटाने पाण्याचे थेंब सोडा. राखाडी साल बघता बघता हिरवी होते. रंग नवीन आलेला नसतो. कोरडी साल अपारदर्शक होती, ती ओली होऊन पारदर्शक झाली आणि आतल्या शेवाळाचा थर दिसू लागला. पावसाळ्यात एकाच झाडाकडे सकाळी आणि दुपारी बघणाऱ्याला दोन वेगळ्या जाती वाटतात, त्याचं कारण हेच. म्हणून रानात नोंद करताना शैवाक ओलं होतं की कोरडं, हे लिहिल्याशिवाय रंग लिहू नका.

आता कोरडं पान घेऊन हळूच फाडा आणि फाटलेली कड भिंगाखाली धरा. वर पातळ राखाडी साल, तिच्याखाली हिरवी रेघ, मग पिंजलेल्या कापसासारखा पांढरा गर, आणि तळाला काळी साल. जाडी जेमतेम कागदाएवढी, पण थर चार.

पान उलटं करा. मध्यभागी काळा भाग आणि त्यावर बारीक काळे धागे असतात. ते मुळांचं काम करत नाहीत, फक्त झाडाच्या सालीला धरून ठेवतात. पार्मोट्रेमाची एक खूण इथे पक्की करून घ्या: हे धागे कडेपर्यंत पोचत नाहीत. कडेला तपकिरी, चकचकीत, उघडा पट्टा राहतो. त्यामुळे पानाची कड सालीपासून सुटून वर उचललेली असते. झाडावर लांबूनही हे उचललेपण दिसतं.

मग पुन्हा वरची बाजू, आणि या वेळी कड. दगडफूल पसरण्यासाठी दोन वेगळ्या युक्त्या वापरतं. काही तुकड्यांच्या कडेला पिठासारखी पांढुरकी भुकटी दिसेल. तिचा प्रत्येक कण म्हणजे थोडी बुरशी आणि थोडं शेवाळ, वाऱ्याने उडून दुसऱ्या झाडावर रुजण्यासाठी तयार. कडेला अशी भुकटी आणि अधूनमधून आखूड काळे केस असतील तर ते पार्मोट्रेमा पर्लाटम असायची शक्यता मोठी. मसाल्यातलं दगडफूल म्हणून सर्वांत जास्त नाव घेतलं जातं ते याचंच. दुसऱ्या काही तुकड्यांच्या पाठीवर भुकटी नसते, तर बारीक उभे दांडे दाटीने उगवलेले असतात आणि कडेला केस नसतात. हे पार्मोट्रेमा टिंक्टोरम. बोट फिरवलं तर खरखरीत लागतं.

थेंबाची परीक्षा

वरच्या दोघांत फरक करायला तज्ज्ञ जी रासायनिक चाचणी करतात, ती घरी करता येते. गावात पाण्याच्या टाकीत टाकतात ती टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, थोड्या पाण्यात कालवा आणि निवळू द्या. वरचं स्वच्छ पाणी ताजं असतानाच वापरा, दुसऱ्या दिवशी त्याचा जोर उतरतो. हातात रबरी मोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, आणि हे पाणी टॉयलेट क्लीनर किंवा कुठल्याही आम्लाच्या जवळ नेऊ नका. क्लोरीन वायू सुटतो. लहान मुलांना हे मोठ्यांशिवाय करू देऊ नका.

ब्लेडने पानाची वरची साल हळूच खरवडा, पांढरा गर उघडा करा, आणि दातकोरणीच्या टोकाने त्यावर एक थेंब ठेवा. भिंगातून लगेच बघा. टिंक्टोरम असेल तर गर क्षणात लाल होतो आणि थोड्या वेळाने रंग विरतो. हा लाल रंग लेकॅनोरिक आम्लाचा. पर्लाटमच्या गरावर असा रंग उठत नाही. अशाच आम्लांपासून युरोपात शतकानुशतकं जांभळा रंग काढून लोकर रंगवत, आणि प्रयोगशाळेतला लिटमसही मुळात शैवाकांपासूनच आला. चाचणी केलेला तुकडा नक्की फेकून द्या, चुकूनही मसाल्यात जाऊ देऊ नका.

उरलेलं मसाल्यात

निवडलेली रुंद पानं चाळणीत घेऊन झटका. सालीला चिकटलेले बुंधे कात्रीने कापून टाका. कुटलेल्या मसाल्यात दाताखाली कचकच येते ती बहुधा यांच्यामुळे. धुवायचं असेल तर पाण्यातून भरभर एकदा काढा आणि कडक उन्हात पूर्ण वाळवा. चाळून निवडलेलं असेल तर मी धुवायचा आग्रह धरणार नाही, कारण अर्धवट वाळलेलं दगडफूल सगळा मसाला बिघडवतं.

अर्धा किलो धण्यांना वीस ते पंचवीस ग्रॅम दगडफूल पुरतं. जास्त घातल्याने चव वाढत नाही, मसाला तुरट होतो. कच्च्या दगडफुलाला फारसा वास नसतो. तो तेलात आणि उष्णतेत उतरतो. सगळे खडे मसाले परतून झाल्यावर शेवटी, कढईत चमचाभर तेल, आच मंद, आणि पानं घालून सतत हलवत राहा. पानं आधी नरम पडतात, मग हळूहळू कुरकुरीत होतात. चिमटीत धरून सहज चुरलं गेलं की लगेच ताटात काढा. कढईत ठेवून गॅस बंद केला तरी तेवढ्यात करपतं, आणि करपलेल्या दगडफुलाचा कडूपणा कशानेच जात नाही. बाकीचं कोरडं दगडफूल काचेच्या बरणीत, उजेडापासून लांब ठेवा. पावसाळ्यात बरणी उघडी ठेवू नका. हवेतली ओल ते सर्व अंगाने ओढून घेतं.

आता रानात

मराठवाडा पर्जन्यछायेत. मोठ्या, उचललेल्या पानांचं पार्मोट्रेमा माळावरच्या एकट्या बाभळीवर शोधलं तर निराशाच येईल. त्याला ओल आणि सावली हवी, म्हणून त्याचा शोध उंचावर आणि घळींमध्ये घ्यायचा: खुलताबादजवळचं म्हैसमाळ, कन्नडकडचं गौताळा, बालाघाटातल्या धबधब्यांच्या दऱ्या, धाराशिवकडचा येडशी रामलिंग घाट, नांदेडातली किनवट-माहूरची जंगलं. वेळ श्रावण-भाद्रपदाची, सकाळी लवकर. हिवाळ्यातल्या दवाच्या सकाळीही चालतात. एप्रिलमध्ये गेलात तर तीच झाडं निर्जीव वाटतील.

गावाजवळ जे हमखास भेटेल ते लहान पानांचं. जुन्या आंब्याच्या खोडावर छातीच्या उंचीला बघा. राखाडी-पांढऱ्या, सालीला घट्ट चिकटलेल्या, अरुंद पानांच्या गोल चकत्या दिसतील, नाण्याएवढ्या ते तळहाताएवढ्या. यात तीन नावं लक्षात ठेवली तर बरंच काम होतं: पिक्सिने, डिरिनॅरिया आणि फिशिया. डिरिनॅरियाच्या खाली धागे नसतात, ते सालीला डिंकाने चिकटवल्यासारखं बसतं. पानं एकमेकांत मिसळतात आणि टोकाला पसरट होतात. पिक्सिनेच्या खाली काळे धागे असतात, आणि मैदानी भागात सर्वत्र आढळणारी पिक्सिने कोकोस ही जात ओळखायला एक सुंदर उपाय आहे. नोटा तपासायला वापरतात तो अल्ट्राव्हायोलेट टॉर्च घेऊन अंधार पडल्यावर झाडाजवळ जा. टॉर्च पडताच तिची चकती झळाळत्या पिवळ्या रंगाने उजळते, कारण तिच्या सालीत लिचेक्झँथोन नावाचं द्रव्य असतं. शेजारचं डिरिनॅरिया बहुधा मंदच राहतं. काहीही न तोडता, न खरवडता मिळणारा हा पुरावा आहे. टॉर्च कुणाच्या डोळ्यांवर मात्र मारू नका, आणि रात्री खोडाशी हात लावण्याआधी साप-विंचू बघा.

कुठलं झाड निवडायचं? आंबा, लिंब, चिंच, जांभूळ, वड ही जुनी, साल टिकवून धरणारी झाडं चांगली. पेरू आणि निलगिरी साल सोडत राहतात. त्यांच्या खोडावर शैवाकाला वीस वर्षं बसायला जागाच मिळत नाही. पारावरच्या पिंपळाला चुना किंवा गेरू लावलेला असेल तर तो भाग सोडून वर बघा.

तोडायचं काहीच नाही. वादळानंतर पडलेल्या फांद्यांवरचं शैवाक उचलायला हरकत नाही, तेही अभयारण्याबाहेर. गौताळा किंवा रामलिंग घाटासारख्या अभयारण्यातून परवानगीशिवाय काहीही काढून नेणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. उचललेला नमुना प्लास्टिकमध्ये ठेवू नका, बुरा येतो. सावलीत वाळवा, कागदाच्या पाकिटात घाला आणि वर लिहा: गाव, झाड, तारीख, खोडाची कुठली बाजू, जमिनीपासून किती उंची. फोटो काढताना शेजारी पट्टी धरा. एक फोटो अख्ख्या झाडाचा, एक पूर्ण चकतीचा, आणि एक कडेचा भिंगातून. ओळख पटवायला हा कडेचाच फोटो लागतो आणि नेमका तोच काढायचा राहून जातो.

दगड, बारवा, गढ्या

आपला काळा बेसाल्ट बघायला वेगळी नजर लागते. त्यावर बहुतेक कवची शैवाकं: नारिंगी, पांढरी, पिवळट. ती खरवडूनही निघत नाहीत, दगडाच्या कणांत शिरलेली असतात. तापणाऱ्या उघड्या दगडांवर पेल्टुला नावाची लहान, मातकट, खवल्यांसारखी शैवाकं भेटतात. त्यांच्यात हिरव्या शेवाळाऐवजी निळे-हिरवे सायनोबॅक्टेरिया, म्हणजे उन्हावर अन्न बनवणारे जिवाणू, राहतात. पर्णिल जाती दगडावर शोधायच्या तर उत्तरेकडची, सावलीतली, पाणी झिरपणारी बाजू धरा.

बारवेच्या चिऱ्यांवर, गढीच्या भिंतीवर, देवगिरीच्या तटावर शैवाक दिसलं तर 'स्वच्छता मोहीम' म्हणून तारेचा ब्रश घेऊन जाऊ नका. काही शैवाकं दगड हळूहळू झिजवतात हे खरं, पण घासण्याने एका सकाळीत होतं तेवढं नुकसान त्यांना कित्येक वर्षांत करता येत नाही. कोरीव कामावरून काय काढायचं आणि कसं, हा निर्णय जतनाचं काम जाणणाऱ्यांचा. संरक्षित स्मारकाला इजा करणं १९५८ च्या कायद्याने गुन्हाही आहे.

बागायतदारांनो, थोडं थांबा

केशर आंब्याच्या बागेत आणि जालन्याकडच्या मोसंबीत शैवाकाला रोग समजून खोड खरवडणं होतं. मी कळकळीने सांगतो: ते झाडातून काही शोषत नाही. शोषतं ते बांडगूळ. त्याला खरी हिरवी जाड पानं आणि फुलं असतात, आणि ते फांदीच्या आत शिरतं. ते फांदीसकट कापायलाच हवं. मोसंबीच्या बुंध्याशी साल तडकून डिंक वाहत असेल तर तो डिंक्या, फायटॉफ्थोरामुळे होणारा रोग, आणि त्याला उपचार लागतो. सालीवरच्या कोरड्या राखाडी चकत्या यातल्या कशातच बसत नाहीत.

मग आजारी झाडावर शैवाक जास्त का दिसतं? झाडाची वाढ मंदावली, पालवी विरळ झाली की खोडापर्यंत ऊन पोचतं आणि साल स्थिर राहते. दोन्ही शैवाकाच्या सोयीचं. म्हणजे झाड आधी दुबळं झालं, शैवाक नंतर पसरलं. अशा झाडाची मुळं, पाणी, खत तपासा. डिंक्यासाठी बोर्डो पेस्ट लावावीच लागत असेल तर लावा, पण ती बुंध्यापुरती ठेवा. तिच्यातलं तांबं शैवाकाला मारतं, म्हणून निव्वळ खोड स्वच्छ दिसावं यासाठी वरपर्यंत फासू नका.

गावाची हवा मोजणं

फिनलंडमध्ये जन्मलेले शैवाकतज्ज्ञ विल्यम नायलँडर यांनी १८६६ मध्ये पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतल्या शैवाकांवर लिहिलं. शहरात इतरत्र न दिसणाऱ्या जाती तिथे होत्या, आणि त्या हवेच्या शुद्धतेचं माप आहेत असं त्यांनी मांडलं. पुढे कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड शैवाकांना मारतो हे सिद्ध झालं. वीटभट्टी, खडी क्रशर, कोळशावरचं वीजकेंद्र, महामार्ग यांच्याजवळ राहणाऱ्या कुठल्याही शाळेला हा उपक्रम करता येईल.

दहा सेंटिमीटर रुंद आणि पन्नास सेंटिमीटर उंच अशी तारेची चौकट करा, दोरा बांधून तिचे पाच समान चौकोन पाडा. युरोपात प्रमाणित पद्धतीत हीच शिडी वापरतात. एकाच जातीची झाडं निवडा, सगळे लिंब किंवा सगळे आंबे, जवळपास सारख्या घेराची आणि सरळ खोडाची. चौकटीची खालची कड जमिनीपासून एक मीटरवर ठेवा, आणि होकायंत्राने उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम अशा चारही बाजूंना ती लावा. प्रत्येक जात पाचपैकी किती चौकोनांत आहे तेवढं लिहायचं. नाव माहीत नसेल तर 'राखाडी, भुकटीवाली, अरुंद पानांची' असं वर्णन चालेल, फक्त ते दर वेळी तेच असावं. धूर-धुळीच्या जागेजवळची काही झाडं आणि तिथून दूर शेतातली तितकीच झाडं, अशी तुलना करा.

गोठ्याला लागून असलेली झाडं यात घेऊ नका. शेण-मुताच्या अमोनियावर फिशियासारख्या काही जाती उलट फोफावतात, आणि आकडा वाढला म्हणून हवा चांगली असा चुकीचा निष्कर्ष निघतो. पाऊस हाही एक घटक आहे: विहिरीकाठच्या झाडाची तुलना उजाड माळावरच्या झाडाशी केली तर तुम्ही हवा मोजली नाही, ओल मोजली. झाडांना खिळा न ठोकता खूण ठेवा, गट नंबर आणि बांधाची बाजू लिहून ठेवली तरी भागतं. त्याच झाडांवर, त्याच महिन्यात, दोन-तीन वर्षांनी पुन्हा चौकट लावा. त्याहून लवकर लावण्यात अर्थ नाही, वाढच तेवढी होत नाही.

जातींच्या नावांसाठी फोटो इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाकता येतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आणि लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत शैवाकांचे मोठे नमुनासंग्रह आहेत. आणि तुमची नोंद एका ठिकाणी नक्की द्या: २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. त्यात झाडं, पिकं, पक्षी, मासे असतात, शैवाकांचं पान बहुधा कोरंच राहतं. ग्रामपंचायतीत नोंदवही मागा, आणि स्थानिक नाव, कुठल्या झाडावर, गावाच्या कुठल्या बाजूला, कधी पाहिलं, एवढे चार रकाने फोटोसह भरून द्या.